ऑटोमॅटिक गाडी चालवणाऱ्याला पार्किंग जमत नाही, हे खरं आहे का?

तुम्ही विचारलंय की पहिलीच गाडी घ्यायची आहे, गाव दारव्हा तालुक्यात, चालवणार तुम्ही आणि बायको दोघंही, आणि मित्र सांगून राहिले की ऑटोमॅटिकवर हात बसला की माणसाला पार्किंग कधीच येत नाही. तर मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक? याचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण तुमच्या मित्रांचं हे वाक्य मी आमच्या घरात इतक्यांदा ऐकलं आहे की एका ओळीत माझं भागणार नाही.

मी वर्धा जिल्ह्यातली, आर्वीकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घर एका गावात, शाळा दुसऱ्या गावात, मधल्या रस्त्याला गाडीघोडा बेताचाच. म्हणून स्वतःच्या पगारातून गाडी घेतली, एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेली स्वस्तातली ऑटोमॅटिक. गाडी घरी आली त्या दिवशी आमचे भासरे, म्हणजे मिस्टरांचे मोठे भाऊ, आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, दार उघडून खाली वाकून पाहिलं आणि आमच्या मिस्टरांना म्हणाले, "क्लच कुठं हाये रे? हे तं लेकराची गाडी आणली तुनं." मी शेजारीच उभी, चावी माझ्या हातात. भासरे माझ्याशी थेट बोलत नाहीत, जुन्या वळणाचे आहेत. जे काय सांगायचं ते मिस्टरांच्या मार्फत. त्यामुळे माझ्या ड्रायव्हिंगमधले सगळे दोष मला आजवर नवऱ्याच्या तोंडूनच कळत आले आहेत, आणि तो बिचारा ते सांगताना निम्मे गाळतो.

भासऱ्यांचा सिद्धांत असा की गाडी पायात असते. अर्धा क्लच धरून चढावर गाडी उभी ठेवता आली तोच ड्रायव्हर, बाकीचे नुसते बसणारे. एकदा तर त्यांनी पंगतीत सांगितलं की ऑटोमॅटिकवाल्यांचं लायसनच वेगळं असते, पोलिसांनी धरलं की समजेल. तसं काही नाही. आपल्याकडे विनागिअरचा वेगळा वर्ग आहे तो दुचाकीला. कारला हलकं मोटार वाहन हा एकच वर्ग, त्यावर दोन्ही चालतात. वेगळं लायसन असते ते इंग्लंडात. तिथे ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर मॅन्युअल चालवता येत नाही. आर्वी तालुका अजून इंग्लंडात गेलेला नाही.

आता त्या लग्नाचं सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथेच दिसलं.

पुलगावकडच्या एका लॉनवर लग्न होतं, ऐन मे महिन्यात. पार्किंग म्हणजे शेजारचं वखरून ठेवलेलं वावर. गाड्या जशा आल्या तशा लागलेल्या. भासऱ्यांची मोठी डिझेल गाडी नाक आत घालून थेट बांधाला भिडवलेली, कारण सावली तिथेच होती. गाडी उलटी लावावी, निघताना सोपं जाते, हे त्यांना सांगणार कोण? मी माझी रस्त्याकडे तोंड करून लावली होती, तर तिथेही मिस्टरांना निरोप मिळालाच: "एवढा वेळ काहून लागते तिले?"

जेवणं झाली. भासऱ्यांना आत्याबाईंना पुलगाव स्टेशनवर सोडायचं होतं, गाडीची वेळ होत आली होती. येऊन पाहतात तर मागे मंडपवाल्याची ट्रॅक्टर-ट्रॉली आडवी उभी. पाइप, कनाती, खुर्च्या, वर बांधलेला कूलर. चावी ट्रॅक्टरलाच, ड्रायव्हर बेपत्ता. कोणी म्हणे जेवून राहिला, कोणी म्हणे लिंबाखाली झोपला. पुढे काढायला जागा नव्हती, समोर पाण्याचा टँकर. एकच मार्ग होता: ट्रॉली मागे घेत घेत दोन गाड्यांच्या मधल्या फटीत घालायची.

पुरुष मंडळी जमली. तुम्हाला सांगते, त्या दहा मिनिटांत गाडी या विषयावर जेवढं ज्ञान सांडलं तेवढं आरटीओतही मिळणार नाही. मग नवरदेवाचा मामा चढला. रिव्हर्स टाकला, ट्रॉली भलतीकडेच निघाली, तो उतरला. दुसरा एक जण चढला, तोही तसाच उतरला. शेवटी भासरे स्वतः. क्लच मात्र त्यांनी असा सोडला की मानावं, ट्रॅक्टरला धक्का म्हणून नाही. पण स्टेअरिंग फिरवलं कारसारखं. ट्रॉली काटकोनात मोडली आणि तिचं मागचं टोक भासऱ्यांच्याच गाडीच्या दिव्याकडे निघालं. सगळे एकदम ओरडले, तेव्हा ते थांबले.

माझ्या बाबांकडे दोन चाकांची ट्रॉली होती. देवळीकडे आमचं कापसाचं वावर. सीझनमध्ये जिनिंगच्या आवारात ट्रॉल्यांची रांग लागली की ट्रॉली ढिगाऱ्याजवळ उलटी लावायला बाबा मलाच बसवत, कारण भावाला दिलं की भांडण व्हायचं. त्यामुळे मला एवढं ठाऊक आहे की ट्रॉलीचं मागचं टोक डावीकडे न्यायचं तर स्टेअरिंग आधी उजवीकडे द्यायचं, आणि ती वळायला लागली रे लागली की लगेच उलटं आणून तिच्या मागे मागे जायचं. उशीर केला की मोडली. मोडली की रिव्हर्समध्ये ती सरळ होतच नाही. पुढे घ्यायची, सरळ करायची, पुन्हा सुरुवात. चार चाकांची, फिरत्या दांडीची ट्रॉली असेल तर ती दोन जागी मोडते. तिच्या वाट्याला मी जात नाही. ही दोन चाकांचीच होती.

जरीच्या साडीचा पदर खोचला आणि चढले. लो मध्ये टाकलं, हातभर पुढे घेऊन ट्रॉली सरळ केली, आणि मागे पाहत पाहत फटीत घातली. कोणाचा आरसाही हलला नाही. उतरले तेव्हा आत्याबाई तेवढ्या म्हणाल्या, "बाई, उन्हाची बस आता." बाकी सगळे गप्प. आणि भासरे? भासरे माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाले, "पाह्यलं ना? ट्रॅक्टर मॅन्युअलच हाये. मी काय सांगून राह्यलो होतो इतके दिवस?"

हे आजतागायत सुरू आहे. घरात कुठेही गाडीचा विषय निघाला की तोच प्रसंग ते मॅन्युअलच्या बाजूने सांगतात. मी ट्रॉली लावली हा त्यांचा पुरावा!

आता तुम्हीच पाहा. त्याच ट्रॅक्टरवर, त्याच क्लचवर माझा भाऊ शिकला. आजही तो कार घरासमोर तिरपी लावतो आणि दुधाच्या गाडीला हॉर्न मारत उभं राहावं लागते. उलट माझी भाची शिकली ती माझ्या एएमटीवर, शाळेच्या मैदानात, क्लच तिने पायाने कधी दाबलाच नाही. ती वर्ध्याच्या गल्लीत दोन बुलेटच्या मधे गाडी लावते. क्लचने पार्किंग येत असतं तर भाऊ उस्ताद व्हायला हवा होता.

पार्किंगमध्ये कळावं लागते ते हे: आपलं मागचं चाक आत्ता कुठे आहे, आणि मागे वळताना नाक कुठल्या बाजूला बाहेर फेकलं जाते. आणि शंका आली तर उतरून पाहण्याची लाज वाटू नये. पुरुषांना तिसरंच जड जाते. यातलं काहीही पायात नसते. पार्किंगमध्ये क्लचचं काम एकच, गाडी मुंगीच्या चालीने नेणं. ऑटोमॅटिकमध्ये तेच काम ब्रेक करतो: ब्रेक थोडा सैल केला की गाडी आपोआप सरकते, दाबला की थांबते, बंद पडायची भीती नाही. सपाटीवर अॅक्सिलरेटरला पाय लावूच नका. नवशिक्यांच्या गाड्या भिंतीवर जातात त्या बहुतेक इथे, ब्रेकच्या जागी अॅक्सिलरेटर दाबून. उजवा पाय दोन्हीला, डावा पाय आरामात बाजूला, हे बायकोला पहिल्या दिवशीच सांगा. तुम्हीही ऐका, कारण मॅन्युअलची सवय असलेल्याचाच डावा पाय क्लच शोधत ब्रेकवर पडतो आणि गाडी जागेवर खिळते.

डाव्या-उजव्या आरशात मागचं चाक दिसेल इतके आरसे खाली वळवून घ्या. सेन्सरच्या भरवशावर राहू नका. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या कारला मागचा सेन्सर बंधनकारक आहे, भासऱ्यांच्या गाडीलाही आहे. पण त्याला पातळ तार दिसेलच असं नाही आणि नाली तर दिसतच नाही. आपल्याकडे गाड्या भिंतीला कमी आणि नालीत जास्त जातात.

मॅन्युअल घ्यायला खरी कारणं आहेत, पण ती तुमच्या मित्रांनी सांगितली नसतील, कारण त्यात मर्दानगी नाही. पहिलं म्हणजे पांदण, वावरात जायची कच्ची वाट. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर काळी माती चाकाला अशी धरते की मॅन्युअलमध्ये दुसऱ्या गिअरवर हलक्या पायाने निघता येते, पुढे-मागे झुलवता येते. एएमटीत तोच प्रकार फार वेळ केला की क्लच तापतो, कारण एएमटी म्हणजे मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, क्लच प्लेटसकट. फक्त ती प्लेट तुमच्या पायाऐवजी मशीन दाबते. (खरं फसलात तर दोन्हींना ट्रॅक्टरच लागतो.) दुसरं, बॅटरी उतरली तर मॅन्युअल गाडी चार पोट्टे लावून धक्का स्टार्ट होते, ऑटोमॅटिकचं तसं नाही. तिसरं, क्लच प्लेट तालुक्याचा मिस्त्री बदलून देतो, पण एएमटीचं गिअर टाकणारं यंत्र बिघडलं तर यवतमाळ किंवा अमरावती गाठा. चौथं पैसे: छोट्या गाडीत एएमटीला साधारण ५० हजार जास्त पडतात.

रोज वावरात गाडी न्यायची असेल तर मॅन्युअल घ्या, माझी काही हरकत नाही. भासरे हे कारण देत असते तर मी त्यांच्या पाया पडले असते. पण त्यांची गाडी डांबरी सोडून खाली उतरली ती फक्त त्या लग्नात.

ऑटोमॅटिक म्हणजे एकच प्रकार नसतो, हेही बघा. स्वस्तातली असते ती एएमटी. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून ती आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत आली. गिअर बदलताना थोडी डुलकी घेते, सवय होते. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर हे दुसरे दोन प्रकार मऊ चालतात, महाग पडतात. लावून ठेवण्याची रीत दोन्हीकडे वेगळी. बहुतेक एएमटीत 'पी', म्हणजे लिव्हरची पार्किंगची जागा, नसते: हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करायची, उतारावर चाकाखाली दगड. 'पी' असलेल्या गाडीत उतारावर आधी न्यूट्रल करून हँडब्रेक ओढा, ब्रेक सोडून भार हँडब्रेकवर येऊ द्या, मग 'पी'. नाही तर सगळं वजन आतल्या एका छोट्या खुंटीवर लटकते.

चिखलदऱ्याला जाल तर उतरताना लिव्हर 'एम'वर, म्हणजे मॅन्युअलवर, घेऊन खालचा गिअर धरा, नुसत्या ब्रेकवर घाट उतरू नका. चढावर एएमटी थांबवून पुन्हा उचलताना मागे सरकते, तेव्हा घेताना हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक सोडला तरी गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय, असलेलीच घ्या. हे मी आधी सांगायला हवं होतं, पण भासरे मधे आले.

तुमचं म्हणाल तर, दोघं चालवणार, रस्ता डांबरी, कामं दारव्हा-यवतमाळची, तर एएमटी घ्या. बायकोला आधी मॅन्युअलवर शिकवून मग ऑटोमॅटिक, असला द्राविडी प्राणायाम नको. अर्थात दुसऱ्याची गाडी वेळेला काढता यावी म्हणून नंतर कधी सवडीने मॅन्युअल शिकली तर चांगलंच. आणि टेस्ट ड्राइव्हला त्या मित्रांना सोबत नेऊ नका. बायकोला न्या, चावी तिच्या हातात द्या, आणि शोरूमवाल्याला सांगा की जे सांगायचं ते तिलाच सांग.