पेशीपटलातलं ‘पटल’ कुठलं?

प्रश्न असा आहे: ‘मुलगी आठवीत, सेमी-इंग्रजीत शिकते. तिला सेल मेम्ब्रेन मराठीत समजावताना मी पेशीची भिंत म्हणाले. शेजारच्या मुलाच्या मराठी पुस्तकात मात्र पेशीपटल असा शब्द आहे, आणि पेशीभित्तिका असाही. दोन्ही एकच का? आणि पटल म्हणजे तर फळा, नाहीतर विधानसभेत कागद ठेवतात ते टेबल. ते पेशीला कसं लागू होतं?’

दोन्ही एक नाहीत. सेल मेम्ब्रेन म्हणजे पेशीपटल. प्रद्रव्यपटल हेही त्याचंच नाव. सेल वॉल म्हणजे पेशीभित्तिका. पटल प्रत्येक सजीवाच्या प्रत्येक पेशीला असतं. भित्तिका असते ती वनस्पतींना, बुरशीला, बहुतेक जिवाणूंना, आणि तीही पटलाच्या बाहेरून. आपल्या अंगातल्या एकाही पेशीला भित्तिका नसते. त्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशीची ‘भिंत’ म्हटलं की ते सरळ चूकच ठरतं.

आता पटल. संस्कृतात पटल म्हणजे आच्छादन, थर, पापुद्रा. सुश्रुतसंहितेत डोळ्याची रचना सांगताना सहा पटलं मोजली आहेत: दोन पापण्यांची, चार खुद्द डोळ्यातली. हाच शब्द मराठीत झिजून ‘पडळ’ झाला. डोळ्यावर पडळ आलं, असं जुनी माणसं म्हणत, ते हेच. शरीरशास्त्राच्या मराठीने हा अर्थ जपून ठेवला आहे: दृष्टिपटल (रेटिना), कर्णपटल (कानाचा पडदा), श्वासपटल (डायफ्रॅम). पेशीपटल याच घरातलं आहे. सभागृहाच्या पटलाशी त्याची सांगड घालायची नाही.

दोन शब्द वेगळे का हवेत, हे शब्दकोशापेक्षा कांदा चांगलं सांगतो. लाल कांद्याच्या पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा जांभळा पापुद्रा सोलून काचपट्टीवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं. विटा रचाव्यात तशा लांबट पेशी दिसतात, प्रत्येक कडेपर्यंत जांभळ्या रंगाने भरलेली. मग मिठाचं दाट पाणी एका बाजूने सोडायचं. काही मिनिटांत रंगीत भाग आक्रसायला लागतो, कोपऱ्यांतून सुटतो आणि चौकटीच्या मधोमध गोळा होऊन बसतो. चौकट मात्र जागच्या जागी, होती तशी. ती चौकट म्हणजे भित्तिका. पाणी बाहेर गेल्यावर आतल्या ऐवजाला कवेत घेऊन जे मागे सरलं, ते पटल. याला रससंकोच म्हणतात. दोघांना एकच शब्द वापरला तर ‘भिंत भिंतीपासून सुटली’ असं म्हणायची वेळ येईल. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळा काढवेना, आणि त्यानंतर या दोन शब्दांत माझा कधीच गोंधळ झाला नाही.

गंमत अशी की पटल स्वतः साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, त्याने वेढलेल्या भागाची फक्त कड कळते. रॉबर्ट हूकने 1665 मध्ये बुचाच्या कापात ज्या कोठड्या पाहिल्या, त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भित्तिका होत्या. पटलाची जाडी 7-8 नॅनोमीटर. वहीच्या एका कागदाच्या जाडीत दहा हजारांहून जास्त पटलं एकावर एक बसतील. ते दुपदरी आहे हे 1925 मध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी सुचवलं, तेही न बघता: तांबड्या पेशींतला मेद काढून पाण्यावर एकपदरी पसरवला, तर त्याने पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट जागा व्यापली. या मेदाच्या रेणूचं डोकं पाण्याला जवळ करतं, शेपट्या पाणी टाळतात. म्हणून दोन्ही पदर शेपट्या आत घेऊन उभे राहतात.

सिंगर आणि निकल्सन या संशोधकांनी 1972 मध्ये या रचनेला ‘फ्लुइड मोझेक’, म्हणजे प्रवाही मोझेक, म्हटलं. मोझेक म्हटलं की आपल्याला जुन्या घरांतली फरशी आठवते, सिमेंटमध्ये घट्ट बसलेल्या रंगीत तुकड्यांची. इथे प्रथिनं हे तुकडे, पण ते बसलेले नाहीत; मेदाच्या थरात तरंगतात, सरकतात. म्हणून समजावताना मला ‘पापुद्रा’ अर्धाच पुरतो. पातळपणा त्यात आहे, पण पापुद्रा कोरडा असतो, फाटला की फाटला. पेशीपटलात बारीक सुई घालून काढली तर ते बहुधा आपोआप मिटतं. मुलीला दुधावरची कोवळी साय दाखवा, ती जास्त जवळची आहे. लिहिताना मात्र पटलच लिहावं. ‘आवरण’ चुकीचं नाही, पण ढिलं आहे. भित्तिकाही आवरणच की.

पुस्तकात त्याला ‘निवडक्षम पारपटल’ म्हटलेलं आढळेल. ‘अर्धपार्य’ या जुन्या शब्दापेक्षा मला हा फार आवडतो. अर्धपार्य ऐकून अर्धं जातं, अर्धं अडतं असं वाटतं. प्रत्यक्षात निवड चालते, तांदूळ निवडावेत तशी. ऑक्सिजन सहज आत येतो. ग्लुकोजला वाहक प्रथिन लागतं. सोडियमच्या आयनांना, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांना, स्वतंत्र वाट हवी. पाणी मेदातून थोडं झिरपतं, पण त्याचेही खास मार्ग आहेत. ते शोधल्याबद्दल पीटर अ‍ॅग्री यांना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

लिहिण्याबद्दल एवढंच: पेशीपटल, शी दीर्घ, दृष्टिपटल, टि ऱ्हस्व, भित्तिका, त्ति ऱ्हस्व. पटल नपुंसकलिंगी, ते पटल. ‘ती पटल’ हे हल्ली कानावर येतं, ते नको.

घरी सूक्ष्मदर्शक नसेल तर बीट घ्या. चकत्या कापून, रंग जायचा थांबेपर्यंत धुवा. दोन गार पाण्यात टाका, दोन कढत पाण्यात. कढत पाणी थोड्याच वेळात लालभडक होतं, गार बराच वेळ जवळजवळ स्वच्छ राहतं. उष्णतेने पटलं फाटली आणि आतला रंग सुटला. चकती मात्र हातात घेऊन बघा, अजून चकतीच आहे. तिला धरून ठेवणाऱ्या त्या भित्तिका.