वर्डल: सध्या एवढंच बघ

खानापूर-बेळगाव बसमध्ये वर्डल, म्हणजे लपलेला इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ, खेळताना रोज चौथ्या ओळीत अडकतोस म्हणालास. होय की, माझंही तसंच व्हायचं. पाच अक्षरं, सहा संधी. पहिला शब्द जिंकायला नव्हे, माहिती काढायला. ‘स्लेट’ घाल, एस, एल, ए, टी, ई ही नेहमीची अक्षरं एका दमात तपासून होतात.

- राखाडी अक्षर (म्हणजे शब्दात नाही) परत घालू नकोस. नवखे इथंच संधी घालवतात.
- पिवळं अक्षर (शब्दात आहे, पण जागा चुकली) त्याच जागी पुन्हा नको.
- अक्षर दोनदाही येतं. मला हे कळायला महिना लागला!

‘लाइट, नाइट, राइट’ असा फक्त पहिल्या अक्षराचा घोळ झाला तर एकेक करत बसू नकोस गा. ‘लर्न’ टाक: एल, आर, एन तिन्ही एकदम कळतात. हार्ड मोड आत्ता लावू नकोस, त्यात कळलेली अक्षरं पुढच्या शब्दात घालावीच लागतात, म्हणून ही युक्ती चालत नाही.