कम्युनिटी न्यूरोत यायचंय म्हणतेस, तर

तुझं पत्र दोनदा वाचलं. बीपीटी ही फिजिओथेरपीची पदवी, मग न्यूरोत एमपीटी ही पदव्युत्तर, पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात तीन वर्षं, आयईएलटीएस झालेली, नवऱ्याची खटपट चालू. आणि विचारतेस की इंग्लंडात थेट कम्युनिटी न्यूरो फिजिओ म्हणून, म्हणजे मेंदू-मज्जातंतूंच्या पेशंटांकडे घरी जाणारी फिजिओ म्हणून, लागता येईल का, आणि ते काम असतं तरी कसं. मी मिरजेची. इथे येऊन अकरा वर्षं झाली, त्यातली सात वेस्ट यॉर्कशरमध्ये घरोघरी फिरून हेच काम करण्यात गेली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देते: लागता येईल, पण आधी वर्ष-दोन वर्षं इथल्या हॉस्पिटलात काढ. दुसऱ्याचं जरा लांबेल.

कागदांचं आधी उरकते. एचसीपीसी ही इथली नोंदणी करणारी संस्था, तिच्या रजिस्टरवर नाव आल्याशिवाय इथे स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवून घेता येत नाही, तो गुन्हा आहे, पदवी कितीही मोठी असो. आयईएलटीएस एकूण 7 आणि कुठल्याच भागात 6.5 च्या खाली नको, ते तुझं बसतंय. खरा वेळ खातं कॉलेज. कोर्सचा तपशील, पोस्टिंगचे तास, सगळं त्यांच्याकडून सही-शिक्क्यानिशी यावं लागतं. माझ्या कॉलेजने त्यात अडीच महिने घालवले. शेवटी बाबा रोज सकाळी जाऊन ऑफिसातल्या बाकावर बसू लागले, तेव्हा शिक्का उमटला. दुसरं, काम सोडून घरी बसू नकोस. दोन वर्षांहून जास्त खंड पडला तर 30 दिवसांची आणि पाचच्या वर गेला तर 60 दिवसांची उजळणी दाखवावी लागते. एजंटच्या नादी तर अजिबात लागू नकोस. अर्ज आपला आपल्याला करता येतो, आणि नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेणं इथल्या कायद्यात बसत नाही.

व्हिसा हेल्थ अँड केअर वर्करचा. त्यावर आरोग्याचा अधिभार भरावा लागत नाही आणि नवऱ्याला सोबत आणता येतं. 2024 मध्ये कुटुंब आणण्यावर जी बंदी आली ती केअर वर्करांसाठी आहे, फिजिओंसाठी नाही. नियम सारखे हलत असतात, म्हणून अर्ज करायच्या आठवड्यात सरकारी पान स्वतः वाच. माझ्या किंवा कुणाच्याही सांगण्यावर जाऊ नकोस.

पगार बँडवर, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतल्या पगाराच्या पायरीवर, ठरतो. 2025-26 चं इंग्लंडचं दरपत्रक बघितलंस तर बँड 5 ची सुरुवात वर्षाला 31,049 पौंडांनी आहे, बँड 6 ची 38,682 ने. एमपीटी झालं म्हणून आपोआप वरचा बँड मिळत नाही. काय काय एकटीने निभावलंस ते विचारतात. तरी तू बँड 6 ला पण अर्ज कर. आपल्याकडच्या मुली स्वतःला फार स्वस्तात विकतात. बँड 5 च्या जागांवर हल्ली इथे शिकून बाहेर पडलेल्या पोरापोरींचीच रांग आहे. जाहिरात उघडल्यावर सगळ्यात आधी व्हिसासाठीच्या स्पॉन्सरशिपची ओळ वाच, म्हणजे रात्र वाया जाणार नाही.

हॉस्पिटलात आधी काम कर असं का म्हणते? वॉर्डात काही बिनसलं तर बेल दाबली की चार माणसं धावत येतात. कुणाच्या घरात तू एकटी असतेस. पाठीच्या कण्याला टी6, म्हणजे छातीच्या भागातला सहावा मणका, तिथे किंवा त्याच्या वर इजा झालेला माणूस बोलता बोलता म्हणतो, डोकं फार ठणकतंय. चेहरा लाल, कपाळावर घाम. अशा वेळी त्याला ताबडतोब बसतं करायचं, कपडे सैल करायचे, लघवीची नळी कुठे दुमडली किंवा तुंबली आहे का बघायचं, बीपी घ्यायचं आणि उतरत नसेल तर 999 ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन. तुंबलेल्या नळीमुळे बीपी इतकं भडकतं की मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे आपण पुस्तकात वाचलेलं असतं, पण पहिल्यांदा बघताना शेजारी कुणी सीनियर असलेली बरी. मुलाखतीतही असंच काहीतरी विचारतात: शुक्रवारी दुपारी चार वाजता तू पोचलीस आणि पेशंट जमिनीवर पडलेला आहे, काय करशील? ‘उचलीन’ म्हणालीस तर तिथेच संपलं.

उचलण्यावरून आठवलं. पहिल्याच आठवड्यात मी एका आजोबांच्या बगलेत हात घालून त्यांना खुर्चीतून उभं केलं. मिरजेत रोज वीस जणांना करायचे तसं, आणि वर मला त्याचा अभिमानही. सोबतची सीनियर तेव्हा काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर शांतपणे म्हणाली, हे पुन्हा करू नकोस, त्यांचा खांदा जाईल आणि तुझी पाठ. इथे माणसाचं वजन आपल्या अंगावर घेत नाहीत. उभं राहायची फ्रेम, सरकवायची चादर, माणसाला उचलायचं यंत्र म्हणजे होइस्ट, काय लागेल ते घरपोच येतं, आणि वापरायचं तेवढे दिवस वापरून परत जातं. सुरुवातीला मला वाटायचं, हातच लावायचा नाही तर आपण फिजिओ कसल्या?

आणि चपला! कुणाच्या घरात शिरताना माझा हात आपोआप सँडलच्या बक्कलकडे जायचा. टीमने सांगितलं, बूट काढायचे नाहीत, पायावर काही पडलं तर जबाबदारी कुणाची. पण बॅटली-ड्यूजबरीकडे गुजराती मुसलमानांची पुष्कळ घरं आहेत, ब्रॅडफर्डला पाकिस्तानी. तिथे बूट घालून बैठकीच्या खोलीत जाणं मला जमेना. आता पिशवीत बुटांवर चढवायच्या प्लास्टिकच्या टोप्या असतात. नियमही राहतो आणि दारातल्या आजीबाईंचा चेहराही खुलतो.

हे क्षुल्लक वाटेल, पण सगळं काम यावरच उभं आहे. ओपीडीत पेशंट तुझ्या जागेत येतो. खाट तुझी, वेळ तुझी, नियम तुझे. इथे तू त्याच्या घरात पाहुणी. त्याचा कुत्रा, त्याची सिगरेट, त्याच्या सोफ्याची उंची, त्याचा अरुंद जिना. वॉर्डात बर्ग बॅलन्स या तोलाच्या चाचणीत 56 पैकी 48 मिळवून घरी आलेल्या एका बाईंना दारातली दुधाची बाटली आत आणता येत नव्हती, कारण दाराबाहेर दगडाच्या तीन पायऱ्या, कठडा नाही आणि सदानकदा पाऊस. आम्ही तीन आठवडे फक्त त्या तीन पायऱ्यांवर काम केलं. कठडा बसवून घेतला, पायऱ्यांच्या कडांना ठळक पट्ट्या मारल्या, बाटली ठेवायला खांद्याला अडकवायची पिशवी दिली. बर्गचा आकडा फारसा हलला नाही, बाईंच्या चहात मात्र दूध आलं.

चहा म्हणजे तर इथे परीक्षाच असते. स्ट्रोक झालेला माणूस एका हाताने किटली कशी भरतो, डाव्या बाजूला ठेवलेला कप त्याला दिसतो का, मध्येच काय करत होतो ते विसरतो का, हे ऑक्युपेशनल थेरपिस्टसोबत, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवून देणाऱ्यांसोबत, उभं राहून बघायचं. नंतर तोच चहा प्यायचा. कसा का झालेला असेना.

‘तुम्हाला काय करता यायला हवंय?’ हा प्रश्न विचारायची सवय लाव. आपल्याकडे उत्तर मुलगा देतो: चालवा हो बाबांना. इथे पुष्कळजण एकटे राहतात, दिवसातून चार वेळा केअरर येऊन जातात, आणि उत्तर पेशंटच देतो. ते उत्तर बऱ्याचदा चालण्याबद्दल नसतंच. एकाला भाड्याने घेतलेल्या आपल्या भाजीच्या वाफ्यापर्यंत जायचं होतं, खुर्चीतून का होईना. मेंटल कपॅसिटी ॲक्ट, 2005, म्हणजे माणसाच्या निर्णयक्षमतेबद्दलचा कायदा, नीट वाचून ये. निर्णय आपल्याला वेडगळ वाटला म्हणजे माणसाला निर्णय घेता येत नाही असं धरायचं नाही, हे त्यातलं एक मुख्य तत्त्व. एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, हा आजार असलेल्या एका बाईंनी होइस्ट नाकारला, पडायची जोखीम पूर्ण समजून-उमजून. मी तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावलं, नोंद केली, आणि त्यांच्याच पद्धतीने पडण्याचा धोका कमी कसा होईल ते बघितलं. त्या रात्री मला झोप आली नाही. तुलाही येणार नाही, काही दिवस.

आजारांबद्दल तुला मी काय शिकवणार, एमपीटी तू झाली आहेस. पण घरी काही गोष्टी वेगळ्या दिसतात. पार्किन्सनच्या पेशंटकडे कायम सकाळी दहालाच गेलीस, तर गोळी लागू पडलेला माणूसच तुला दिसेल. एकदा मुद्दाम गोळी उतरण्याच्या वेळी जा, दारात पाय कसे चिकटतात ते बघ, मग पाऊल उचलायची खूण म्हणून जमिनीवर पट्ट्या चिकटव. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, दोन्ही वेळा बीपी घे. मोटर न्यूरॉन या स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या आजाराच्या पेशंटला दमेपर्यंत व्यायाम द्यायचा नाही. आणि तो म्हणाला की सकाळी उठल्यावर डोकं दुखतं, दिवसा सारखी डुलकी लागते, तर गोष्ट स्नायूंची राहिली नाही, रात्री श्वास कमी पडतोय. त्याच दिवशी श्वसनाच्या टीमला कळव.

सगळ्यात जड जातं ते डिस्चार्ज करणं. पुण्यात खासगी पेशंटकडे वर्षानुवर्षं रोज जाणारे फिजिओ तू पाहिले असशील. इथे ठरावीक आठवडे, मग पेशंटच्या हातात व्यायाम देऊन फाइल बंद. गरज पडली की पुन्हा पाठवा. 2023 च्या राष्ट्रीय स्ट्रोक मार्गदर्शिकेत दिवसाला किमान 3 तास, आठवड्यातून किमान 5 दिवस थेरपी द्यावी असं आलं. आधी प्रत्येक थेरपीला 45 मिनिटांचा दंडक होता. वाचून टाळ्या वाजवाव्यात. पण माणसं तेवढीच आहेत. त्यामुळे बरंचसं काम रिहॅब असिस्टंट करतात आणि आपण त्यांना नीट सांगायचं, मग बाजूला व्हायचं. मला हे शिकायला दोन वर्षं लागली. स्वतः केल्याशिवाय काम झालंसंच वाटायचं नाही.

गाडी चालवता येते का ते तू लिहिलंच नाहीस, आणि मला त्याचीच जास्त काळजी आहे. भारतातल्या लायसन्सवर आल्यापासून 12 महिने चालवता येतं, पण ते बदलून मिळत नाही. लेखी परीक्षा, धोके ओळखायची परीक्षा आणि रस्त्यावरची परीक्षा, तिन्ही द्याव्या लागतात. मी रस्त्यावरच्या परीक्षेत दोनदा नापास झाले, एकदा तर ‘फारच हळू’ म्हणून. इथले चढ तीव्र, डिसेंबरात चारला अंधार, आणि विम्यात कामासाठीचा वापर लिहून घ्यावा लागतो. पुण्यात स्कूटरवर भागत असेल तर उद्यापासून चारचाकीच्या क्लासला जा.

इंग्रजी तुझं चांगलं आहे, पण आयईएलटीएसमध्ये यॉर्कशर नसतं. ‘नॉट सो बॅड, लव्ह’ याचा अर्थ रात्रभर झोप नाही, दोनदा पडलो, पण तुला त्रास कशाला देऊ. पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय उठायचं नाही. आपल्या हिंदीचा उर्दू-पंजाबी घरांत फार उपयोग होतो; मात्र संमती किंवा गंभीर बोलणं असेल तेव्हा दुभाषाच बोलाव, सुनेला मध्ये घालू नकोस. सून सासूबाईंचं सगळंच भाषांतर करते असं नाही.

आई-वडिलांचं कसं करता, असंही विचारलंयस. गेल्या वर्षी माझ्या काकांना पॅरालिसिसचा झटका आला. लोकांच्या घरातले जिने मोजणारी मी, व्हिडिओ कॉलवर चुलतभावाला सांगत होते, फोन जरा खाली धर, पाय दिसू दे. काकू मागून म्हणाली, तू असतीस तर. काय उत्तर देणार. तिथल्या एका ओळखीच्या फिजिओला घरी पाठवलं आणि त्याला आधी न्हाणीघराचा उंबरा बघायला सांगितलं.

अर्जातलं स्टेटमेंट लिहिलंस की पाठव, बघून देते. तीन वर्षांतले दोनच पेशंट निवड आणि त्यांच्या घरी गेल्यावर पुढे काय झालं ते लिही. घरी गेली नसशील तर या महिन्यात जाऊन ये. आणि ‘पॅशनेट’ हा शब्द कुठे आला असेल तर आधीच काढून टाक.