सेकंडहँड एअर पिस्तूल घेतलंय? ट्रिगर राहू द्या, आधी ग्रिप बघा

भाऊ, तुम्ही विचारलंय की मुलगी चौदा वर्षांची आहे, जळगावात सेकंडहँड १० मीटर एअर पिस्तूल घेतलंय, पहिली स्पर्धा तोंडावर आहे, गोळ्या खाली-डावीकडे जातात आणि रेंजवरचे जाणते म्हणतात ट्रिगर एकदम हलका करा. करावा का?

अजिबात नको. हा सल्ला ऐकला की डोकं फिरतं. नियमाने ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो. तपासणीत बॅरल उभं धरून, हवा भरून, कॉक करून (म्हणजे झाडायला तयार ठेवून), ट्रिगरने वजन उचलून बघतात. तेव्हा घरीही तसंच तपासा, ड्राय फायरवर (गोळी-हवेशिवाय नुसता ट्रिगर ओढून) नको. तिथे आकडा वेगळा येऊ शकतो. ५२०च्या आसपास ठेवा. ट्रिगर दोन टप्प्यांत ओढला जातो, त्यातला ३५०-४०० ग्रॅम भार पहिल्या टप्प्यात जाऊ द्या, म्हणजे दुसरा टप्पा बोटाला स्पष्ट कळतो.

उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी खाली-डावीकडे जाते ती बहुतेक वेळा ट्रिगर ओढताना अख्खी मूठ आवळल्यामुळे. आणि मूठ आवळावी लागते, कारण ग्रिप हाताला बसत नाही. मोठ्या माणसाची ग्रिप पोरीच्या हातात दिल्यावर दुसरं काय होणार?

तिच्या तळहाताला खडू चोळा आणि पिस्तूल नेहमीसारखं धरायला लावा. ग्रिपवर जिथे खडू उमटला नाही तिथे पोकळी आहे. तिथे लाकडाची पुट्टी पातळ थरांनी भरा. जिथे हात दुखतो तिथे कानशीने थोडं थोडं काढा आणि दर वेळी धरून बघा. ट्रिगरवरचं बोट लाकडाला कुठेही टेकायला नको, नाहीतर ओढताना तेच पिस्तूल ढकलतं. खालचा पाम शेल्फ (तळहाताच्या खालच्या कडेला टेकणारा, वर-खाली सरकणारा भाग) हात अलगद टेकेल इतकाच वर घ्या. घट्ट केला की हात थरथरतो.

मग तिला डोळे मिटून हात उचलायला सांगा, नंतर उघडायला. नळीच्या टोकावरची फोरसाइट मागच्या बॅकसाइटच्या खाचेत मधोमध दिसली पाहिजे. डावीकडे दिसली तर मनगट वळवून जुळवू देऊ नका, ग्रिपचाच कोन बदला. हे जमल्याशिवाय बॅकसाइटचा स्क्रू फिरवू नका. नंतरही एका गोळीवरून नाही, निदान पाच गोळ्यांचा गट बघूनच. गट डावीकडे असेल तर बॅकसाइट उजवीकडे. नेम काळ्या वर्तुळाच्या खाली, पांढरी पट्टी सोडून धरायचा.

सेकंडहँड आहे म्हणून पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. दहा वर्षं उलटली असतील तर स्पर्धेत चालत नाही आणि घरीही भरू नये. आपल्याकडच्या मे महिन्यात भरलेला सिलिंडर बंद गाडीत ठेवू नका. २५ अंशांना २०० बार दाबाने भरलेला ६० अंशांना २२०च्या वर जातो. उन्हाळ्यात हातही थोडा सुजतो, त्यामुळे थंडीत नेमकी बसवलेली ग्रिप तेव्हा घट्ट होते. पॉलिश पेपरचा हलका हात फिरवा.

पेलेट, म्हणजे गोळी, सपाट तोंडाचीच. कोणत्या कंपनीचं पिस्तूल चांगलं, हेही तुम्ही विचारलंय, पण पिस्तूल घेऊन झालंय, आता तो सोडा. ग्रिप मनगटाला आधार देता कामा नये, तेवढं तासताना लक्षात ठेवा. आणि मुलगी डावखुरी असेल तर मूठ आवळल्यावर गोळी खाली-उजवीकडे जाते, बॅकसाइटचा नियम मात्र तोच. उजव्या हाताची ग्रिप तिला तासून बसणार नाही, डाव्या हाताची वेगळीच घ्यावी लागेल.