काम चालून आलं आणि मी नाही म्हणाले, आता काय करू?

तुझं पत्र वाचलं. नाव टाकू नका म्हणालीस म्हणून टाकत नाही, बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. ग्रॅज्युएशन झालंय, जवळपास दोन वर्षं एका फोटोग्राफर सरांकडे आधी असिस्टंट आणि मग सेकंड शूटर (मुख्य फोटोग्राफरसोबत दुसऱ्या कॅमेऱ्यावर फोटो काढणारी) म्हणून काम करतेयस, सेकंडहँड कॅमेरा आणि दोन लेन्स स्वतःच्या आहेत. ओळखीतल्या एका जोडप्याने तुझे फोटो बघून आमचं लग्न तूच शूट कर म्हणून विचारलं आणि तू "त्या तारखेला बिझी आहे" असं खोटं सांगून सरांचा नंबर दिलास. वर दोन दिवस रडलीस. आता विचारतेयस की अजून एखादा कोर्स करू का, नवीन कॅमेरा घेऊ का, की हे सगळं सोडून सरळ नोकरी बघू, कारण "बाकीचे खरे फोटोग्राफर आहेत, मी उगाच आत घुसलेय आणि एक दिवस सगळ्यांना कळणार."

आधी त्या शेवटच्या वाक्याबद्दल. असं वाटणाऱ्यांचा अभ्यास पॉलिन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी केला आणि १९७८ मध्ये त्यावर पेपर लिहिला, शिक्षणात आणि कामात भरपूर यश मिळवलेल्या बायका त्यात होत्या आणि तरी त्यांना वाटायचं की आपण लोकांना फसवतोय, आपल्याला हे नशिबानेच मिळालंय. त्यालाच आता सगळे इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात. तो काही आजार नाही आणि तुला एकटीलाच होतोय असंही नाही. पण मला एक गोष्ट खटकते, हल्ली कुठलीही शंका आली की लगेच तिला हेच लेबल लावून टाकतात, आणि मग "अगं तू मस्तच आहेस, फक्त कॉन्फिडन्स नाहीये" असं सांगून मोकळे होतात. मी तसं सांगणार नाही. कारण तुझी निम्मी शंका बरोबर आहे! तू एकटीने पूर्ण लग्न कधी शूट केलेलं नाहीस. त्याची भीती वाटणं म्हणजे डोकं ठिकाणावर असणं.

घोळ असा झालाय की तुझ्या मनात दोन वेगळ्या शंका एकमेकींत गुंतल्यात. एक आहे कामाबद्दलची, जी तपासता येते. दुसरी आहे स्वतःबद्दलची, जिला उत्तरच नसतं. "माझ्यात ती नजरच नाही" याचं तू आज काय उत्तर देणार? कुणीच देऊ शकत नाही, वीस वर्षं काम करणाराही नाही. पण तुझ्याच पत्रात मधेच एक ओळ आहे, "कमी लाईटच्या हॉलमध्ये माझे फोटो हलतात आणि सरांचे हलत नाहीत." ही ओळ मला सगळ्या पत्रात जास्त आवडली, कारण हिचं उत्तर तुझ्या हार्ड डिस्कवर पडलेलं आहे.

ते हललेले फोटो काढ आणि प्रत्येकाचा शटर स्पीड बघ, म्हणजे फोटो काढताना शटर किती वेळ उघडा होता ते, फाईलमध्ये नोंदलेला असतो. हातात कॅमेरा धरून शूट करताना जुना नियम आहे की लेन्स जितकी मिलीमीटरची तेवढ्याच्या खाली शटर न्यायचा नाही, म्हणजे ८५ ची लेन्स असेल तर निदान १/८५ सेकंद, कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणजे क्रॉप सेन्सर असेल तर त्याहून जास्त वेगाने. पण हा नियम फक्त तुझ्या हाताच्या थरथरीसाठी आहे, समोरचा माणूस चालतोय, हसतोय, मान वळवतोय त्याचं काय? स्टॅबिलायझेशन असलं तरी ते तुझा हात सांभाळतं, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. माणसं हलत असतील तर १/२०० च्या आसपास राहा, नाचत असतील तर अजून वर जा, आणि त्यासाठी आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करणारं सेटिंग) वाढवावा लागला तर बिनधास्त वाढव. त्याने ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, आलेला फोटो नंतर बऱ्यापैकी साफ होतो, हललेला फोटो कुठल्याही सॉफ्टवेअरने धड परत येत नाही. मला वाटतं तू आयएसओ वाढवायला घाबरतेस, कारण कुणीतरी सांगितलंय की प्रोफेशनल लोक कमी आयएसओवर काढतात. ग्रुप फोटोत मागची रांग सॉफ्ट येते म्हणतेस तेही असंच, एफ १.८ वर, म्हणजे लेन्स इतकी मोठी उघडून, तीन रांगा फोकसमध्ये येणार कशा, ५.६ किंवा ८ ला जा आणि फ्लॅश छताकडे वळवून त्याचा उजेड तिथून बाऊन्स कर. हे सगळं चार संध्याकाळी घरच्यांना समोर उभं करून आणि लाईट कमी करून सुधारण्यासारखं आहे. आणि हे सुधारलं की बघ, "माझ्यात नजर नाही" मधला बराच भाग आपोआप गळून पडतो, कारण तो नजरेचा प्रश्न नव्हताच, शटरचा होता.

आता तुलनेचं. इन्स्टाग्रामवर बघून बघून तू तुझे निम्मे फोटो डिलीट केलेस असं लिहिलंयस. अगं, दुसऱ्यांचे तू फक्त निवडलेले बघतेस आणि स्वतःचे सगळेच्या सगळे बघतेस, डोळे मिटलेले, फोकस चुकलेले, मधेच कुणाची कोपर आलेले! रीळाच्या काळात एका रोलमध्ये ३६ फोटो यायचे आणि सगळे एकाच कागदावर छोटे छोटे प्रिंट करून बघायचे, त्याला कॉन्टॅक्ट शीट म्हणतात. मोठमोठ्या फोटोग्राफरच्या कॉन्टॅक्ट शीट आता बघायला मिळतात, बघ एकदा. एका गाजलेल्या फोटोच्या आजूबाजूला किती साधे आणि फसलेले फोटो असतात ते बघून मलाच बरं वाटतं, आणि मी तर फोटोग्राफरही नाही.

आणि कुणी आपला फोटो नाकारला म्हणजे फोटो वाईट, हेही खरं नसतं. क्रांतिकारक चे गेवाराचा तो टोपीवाला चेहरा सगळ्यांनी टीशर्टवर बघितलाय. तो फोटो क्युबाच्या आल्बेर्तो कोर्दा या फोटोग्राफरने ५ मार्च १९६० ला हवानात एका शोकसभेत काढला, तो ज्या पेपरसाठी काम करत होता त्यांनी त्या दिवशीचे दुसरे फोटो छापले आणि हा बाजूला ठेवला. मूळ फ्रेममध्ये एका बाजूला दुसरा एक माणूस आणि दुसऱ्या बाजूला झाडाची पानं होती, ती कोर्दाने कापली आणि फोटो आपल्या स्टुडिओच्या भिंतीवर लावला. कितीतरी वर्षं तो तिथेच होता. हे मी तुझाही फोटो जगभर जाईल म्हणून सांगत नाहीये. पेपरच्या माणसाला त्या दिवशी बातमीसाठी जे हवं होतं ते त्याने घेतलं, इतकंच. तुझा फोटो कुणी घेतला नाही तर आधी हे विचार की त्यांना काय हवं होतं.

आता मुख्य मुद्दा, जो फोटोग्राफीचे कोर्स घेणारे फारसं सांगत नाहीत. पहिल्या काही वर्षांत क्लायंट तुझी प्रतिभा विकत घेत नसतो. तो घेत असतो निश्चिंती. लग्न परत होणार नाही, मग हा माणूस वेळेवर येईल का, फोटो हरवणार तर नाही ना, दोन महिन्यांनी फोन उचलेल का. नवीन लोकांबद्दल ज्या तक्रारी माझ्याकडे येतात त्या "कॉम्पोझिशन चांगलं नव्हतं" अशा नसतातच, त्या असतात की अजून फोटो दिले नाहीत, फोन उचलत नाही, आधी एक ठरलं आणि नंतर वेगळंच सांगितलं. आणि या सगळ्या गोष्टींना टॅलेंट अजिबात लागत नाही! म्हणजे ज्याची तुला जास्त भीती आहे त्यावर काम मिळणं तेवढं अवलंबून नाहीये, आणि ज्यावर अवलंबून आहे ते तुझ्या पूर्ण हातात आहे.

म्हणून कॉन्फिडन्स यायची वाट बघू नकोस, तो काम करून झाल्यावर येतो, आधी येत नाही. त्याऐवजी काय काय बिघडू शकतं ते एका कागदावर लिही आणि प्रत्येकासमोर त्याचा उपाय लिही. कॅमेरा बंद पडला तर? दुसरी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) त्या दिवसापुरती भाड्याने. कार्ड करप्ट झालं तर? दोन स्लॉट असलेली बॉडी आणि दोन्हीवर एकदम रेकॉर्डिंग, तुझ्या कॅमेऱ्याला एकच स्लॉट असेल तर मुख्य कॅमेरा म्हणूनच दोन स्लॉटवाली भाड्याने घे आणि स्वतःचा बॅकअपला ठेव. पण भाड्याची बॉडी दोन दिवस आधी आण, बटणं कुठे आहेत ते लग्नाच्या दिवशी शोधत बसायचं नाही. घरी आल्यावर झोपायच्या आधी कॉपी करायचं, तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाऊडवर, आणि हे झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. जोडप्याशी आधी बसून कुठल्या घरच्या लोकांसोबत ग्रुप फोटो हवेत त्यांची यादी घे, आणि नावं माहीत असलेला एक नातेवाईक त्या वेळी सोबत माग. जागा आदल्या दिवशी किंवा त्याआधी त्याच वेळेला बघून ये, प्रकाश कुठून येतो ते कळेल. हा कागद भरत गेला की पोटातला गोळा पूर्ण जात नाही पण लहान होतो.

सगळं लेखी ठेव. किती तास, साधारण किती एडिट केलेले फोटो, किती दिवसांत, अॅडव्हान्स किती, तारीख बदलली तर काय, रॉ फाईल (कॅमेऱ्यातून आलेल्या, एडिट न केलेल्या मूळ फाईल) देणार की नाही. एका पानाचं अॅग्रीमेंट पुरतं. स्वतःवर शंका असलेले लोक हे लिहून घ्यायला लाजतात, त्यांना वाटतं आपण कोण एवढे मोठे, आणि मग सगळ्यात जास्त तेच अडकतात.

रेटचंही तेच. तू लिहिलंयस की आत्तापर्यंतची बरीचशी छोटी कामं फुकट केलीस कारण पैसे मागायला तोंड उघडत नाही. फुकट काम मी अगदीच वाईट म्हणणार नाही, पण ते तू ठरवलेलं असावं, तुझ्या पोर्टफोलिओत जे नाहीये ते मिळवण्यासाठी, आणि मोजकंच. दुसऱ्याने गळ्यात मारलेलं नको. पैशांचं काम असेल तर शूटचे तास, फोटो निवडायचे आणि एडिट करायचे तास (हे बहुतेक वेळा शूटपेक्षा जास्त निघतात), भाडं, प्रवास, कॅमेऱ्याची झीज हे सगळं धर आणि आकडा काढ. आकडा सांगितला की गप्प बस. "पण कमी जास्त करू आपण", "मी नवीनच आहे तसं" हे समोरच्याने काही म्हणायच्या आधी तूच म्हणायचं नाही.

कोर्स करू का? नको, निदान आत्ता नको. दोन वर्षं सेटवर काढल्यावर अजून एक सर्टिफिकेट म्हणजे पहिला क्लायंट अजून सहा महिने पुढे ढकलायचा सभ्य मार्ग. लायटिंगसारखी एकच नेमकी गोष्ट कच्ची असेल तर त्याचं दोन दिवसांचं वर्कशॉप कर. नवीन कॅमेरा? तोही नको, वर सांगितलं तसं भाड्याने भागतं. नोकरी? खुशाल कर, पार्ट टाईम असेल तर उत्तमच, त्यात कमीपणा काही नाही, उलट महिन्याचा खर्च निघत असला की चुकीच्या कामाला नाही म्हणता येतं. फक्त नोकरी ही फोटोग्राफी सोडण्याची पावती समजू नकोस. सरांकडचं कामही चालू ठेव.

पोर्टफोलिओ १५ ते २० फोटोंचा कर, जास्त नको, कारण बघणारा तुझ्या सगळ्यात कमजोर फोटोवरून अंदाज बांधतो. फीडबॅक घरच्यांकडून घेऊ नकोस, ते "छान आहे" म्हणणार आणि तुझा त्यावर विश्वास बसणार नाही. या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालातरी सांग की यातले पाच काढून टाका आणि का काढले ते सांगा. ऐकायला जड जाईल पण उपयोगी पडेल.

एक वेगळी गोष्ट, हे रडणं, झोप न लागणं फक्त कामापुरतं नसेल, सगळ्याच बाबतीत होत असेल आणि आठवडेच्या आठवडे चालू असेल तर समुपदेशकाला नक्की भेट. तो माझा विषय नाही आणि कॅमेऱ्याचाही नाही.

आता त्या जोडप्याचं. लग्नाला अजून तीन महिने आहेत म्हणतेस, मग फोन कर. सांग की मी घाबरून नाही म्हणाले होते, मी आत्तापर्यंत सेकंड शूटर म्हणून लग्नं केलीत, एकटीने पूर्ण लग्न पहिलंच असेल, माझी तयारी अशी अशी आहे आणि सोबत एक असिस्टंट आणणार आहे. एवढं खरं ऐकून ते नाही म्हणाले तर तो त्यांचा हक्क. त्यांनी सरांना बुक केलं असेल तर तू तिथे सेकंड शूटर म्हणून जाशीलच, तेही वाईट नाही. आणि हा फोन करायच्या आधी सरांशी बोल. एक तर त्यांचा नंबर तूच दिलायस, त्यांना न सांगता काम परत मागितलंस तर बरं दिसणार नाही. दुसरं म्हणजे त्यांच्या कामांवर तू काढलेले फोटो स्वतःच्या पोर्टफोलिओत वापरायला त्यांची परवानगी लागेल, कुठले वापरू आणि श्रेय कसं लिहू ते विचार आणि त्यांचं उत्तर मेसेजवर लेखी घे.