मधमाश्यांचं ते वाक्य खरंच आईन्स्टाईनचं आहे का?

नाही, फोंड्यातल्या शाळेच्या विज्ञान दिनाच्या फलकावर तुम्हाला लिहायचंय ते ‘मधमाश्या संपल्या तर माणूस चारच वर्षं जगेल’ हे वाक्य आईन्स्टाईनचं असल्याचा पुरावा सापडलेला नाही. त्यांच्या वचनांचा संग्रह करणाऱ्या ॲलिस कॅलाप्रिस यांनीही ते ‘बहुधा त्यांचं नव्हे’ अशा वचनांत घातलंय. ते गाजलं १९९४ साली, ब्रसेल्समध्ये मधपाळांनी निदर्शनं करताना वाटलेल्या पत्रकांमुळे. आईन्स्टाईन वारले १९५५ साली, खुलासा करायला येणार कोण! मात्र नाव तेव्हाच चिकटलं असं नाही. १९४१ च्या एका कॅनडियन मधमाशी-नियतकालिकात साधारण असंच विधान त्यांच्या नावावर आहे, पण तेही ‘मला आठवतं त्याप्रमाणे’ अशा थाटात, आणि चार वर्षांचा आकडा त्यात नाही. तो आकडा तसाही पटत नाही: भाताचं परागीभवन मुख्यतः आपलं आपण होतं, म्हणजे शीतकडीतलं शीत माश्यांवाचूनही पिकेल. काजूला मात्र कीटक लागतात, तिथे फटका बसेल. फलकावर वाक्य हवंच असेल तर आईन्स्टाईनचं नाव गाळा, आणि ती चार वर्षंही.