कायदा-सल्ला : सापडलेले दागिने आणि खुनाची शिक्षा

प्रश्न : घरफोडीच्या वेळी झालेल्या खुनाबद्दल माझ्या पुतण्याला सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली आहे. त्याच्याकडे चोरीचे दागिने सापडले. दुसरा पुरावा नाही. अपिलात काही होऊ शकेल का?

उत्तर : उच्च न्यायालयात अपील करता येते, मात्र निकालापासून 60 दिवसांची मुदत असते. निकालाची प्रत ताबडतोब घ्यावी. अपिलात पुरावा नव्याने तपासला जातो, आणि शिक्षा स्थगित करून जामीन देण्याची विनंतीही करता येते. पण खुनाच्या शिक्षेत ती सहजासहजी मान्य होत नाही.

केवळ चोरीचा माल सापडला म्हणून खूनही त्यानेच केला, असे आपोआप सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. तरीही चोरी आणि खून एकाच घटनेचे भाग असतील, माल लवकर सापडला असेल आणि आरोपीला त्याचा खुलासा देता आला नसेल, तर निष्कर्ष विरुद्ध जातो. 1983च्या कर्नाटकातील एका प्रकरणात तर आरोपी असलेला घरगडी फरार होता. साड्या व दागिने सुमारे वर्षभराने मिळूनही दोषसिद्धी टिकली, फाशीची मात्र जन्मठेप झाली. म्हणून जप्तीचा पंचनामा बारकाईने वाचावा : पंचांनी न्यायालयात साक्ष फिरवली का, दागिन्यांची ओळख कुणी पटवली, वस्तू पुतण्याच्याच ताब्यातून निघाली का? माझ्या मते अपिलाचा खरा जोर इथेच आहे.

आरोपी पाच किंवा अधिक असून दरोड्याचे कलम लागले असेल, तर वार दुसऱ्याने केला हा बचाव फारसा उपयोगी पडत नाही.